अर्नेटा मेबरीचे हात

भांडी घासून झाली की अर्नेटा मेबरी टाळी वाजवायची. एकच, हलकी. मग दोन्ही तळहात छताकडे उताणे करून दाखवायची, पालथे करून दाखवायची, आणि मगच टॉवेलला हात लावायची. स्वयंपाकघरात तिच्या म्हाताऱ्या आईशिवाय कोणी नसायचं, आणि आईचं सगळं लक्ष टीव्हीत.

"कोणाला दाखवतेस गं?" आई मान न वळवताच विचारायची. "माझ्या छतात कॅमेरा नाही. आणि असता तरी इथे चोरण्यासारखं आहे काय? तो जळका तवा?"

"सवय आहे, आई."

"सवय नव्हे, खोड. सवय सुटते."

अटलांटिक सिटीत ज्यांनी म्हणून कसिनोत पत्ते वाटले त्या सगळ्यांना ही खोड. टेबल सोडून जाताना टाळी वाजवायची आणि हात दाखवायचे, म्हणजे छतातल्या डोळ्याची खात्री पटते की बोटांच्या बेचक्यात काही दडवलेलं नाही. आमच्या गावात बँकेच्या खिडकीपाशी, केशकर्तनालयात, कुठेही कोणी मधेच टाळी वाजवून तळहात फिरवताना दिसेल. मयताला आलेला एखादा शवपेटीवर फूल ठेवतो, टाळी वाजवतो, हात दाखवतो आणि मागे सरकतो. कोणाला हसू येत नाही. गेलेला माणूसही बहुधा तेच करत जन्मभर उभा राहिलेला असतो.

दुसरा नियम ह्याहून कडक. समोरच्याच्या हातातून काहीही घ्यायचं नाही. नोट असो, पैशांऐवजी खेळायची चिप असो, खुशीची बक्षिशी असो, त्याने ती टेबलावर ठेवायची आणि आपण टेबलावरून उचलायची. हातातून हातात गेलेलं कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते चोरलेलं असं धरून चालायचं. नवी मुलगी कामाला लागली की हे आधी तिच्या हाडीमाशी मुरवतात, पत्ते पिसणं नंतर. अर्नेटा विशीत लागली होती. तिचं कसिनो बंद पडलं तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती, आणि नियम इतका मुरला होता की तो आहे हेही ती विसरून गेली होती.

कसिनो बंद झालं त्या दिवशी निम्मे लोक रडले आणि निम्मे लगेच शेजारच्या कसिनोत अर्ज द्यायला पळाले. अर्नेटाने दोन्ही केलं नाही. तिच्याजवळ गणिताची पदवी होती. तरुणपणी रात्रपाळी करून, सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी वर्गात बसून मिळवलेली, आणि नंतर घरखर्चाच्या रेट्यात कपाटात पडून राहिलेली. काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वर्ग चालतो, पदवी घेऊन भलतंच काही करत बसलेल्या माणसांना आडवाटेने शिक्षक करण्याचा, हे तिला जिटनीत शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं. ह्या गावात सगळ्या चांगल्या बातम्या जिटनीतच कळतात, कारण ती छोटी बस इतकी छोटी असते की दुसऱ्याचं बोलणं न ऐकण्याची सोयच नाही.

"शिक्षक?" आई म्हणाली. "ह्या वयात? लोक ह्या वयात निवृत्त होतात, बये."

"लोकांच्या पायाला आराम मिळालेला असतो. माझे पाय तसेही उभं राहायला सरावलेत."

त्या वर्गात नियम होता की आधी एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसून नुसतं बघायचं. अर्नेटा बसली. लहान खुर्चीत गुडघे हनुवटीला लागत होते. पुढे एक मुलगी फळ्याशी उभी राहून अपूर्णांकांची वजाबाकी करत होती. अडली, पुसलं, पुन्हा अडली. मग एकदम थांबली, आणि तिचा चेहरा उजळला. झालं एवढंच. बाईंनी "शाब्बास" म्हटलं आणि वर्ग पुढे गेला.

अर्नेटा मात्र तिथेच राहिली. पत्ता उलटतानाचे चेहरे तिने आयुष्यभर पाहिले होते. जिंकणाऱ्याचा चेहराही तिला पाठ होता, आणि त्यात नेहमी भीतीचा एक तुकडा असतो, की हे आत्ता आलं तसं आत्ता जाईल. त्या मुलीच्या चेहऱ्यावर तो तुकडा नव्हता. तिला जे मिळालं ते आता कोणाच्या बापाला परत घेता येणार नव्हतं. असंही मिळतं माणसाला, आणि ते मिळताना बघायला पगार देतात! अर्नेटा थक्क झाली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

संध्याकाळच्या त्या वर्गात नाना धंद्यांची माणसं होती. तटरक्षक दलातून सुटलेला एक खलाशी, दातांच्या दवाखान्यातली एक बाई, आणि सॅल व्हिटोला नावाचा बेकरीवाला. पहाटे पाव भाजायचा आणि संध्याकाळी वर्गात उघड्या डोळ्यांनी घोरायचा. शिकवायला पेटिफर्ड सर. सारा जन्म ह्याच गावच्या शाळांत काढलेला हडकुळा काळा म्हातारा, टाय मात्र कायम कडक.

"तुम्ही सगळे दुसऱ्या धंद्यातून आलात," सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "त्या धंद्याचं पीठ अजून अंगाला आहे. ते झटका असं मी म्हणत नाही. पण कुठे लागलंय ते ठाऊक पाहिजे."

"माझ्या कानात आहे, सर," सॅल म्हणाला.

"तुझ्या डोळ्यांवर आहे. उघड ते."

कॉलेजचा पहिला भाग झाला, परीक्षा झाली, आणि गावातल्या इनलेट भागातल्या शाळेने अर्नेटाला सहावीचं गणित दिलं. हातात आलं ते कच्चं प्रमाणपत्र. दिवसा शिकवायचं, संध्याकाळी पेटिफर्ड सरांकडे शिकायचं, आणि शेवटी प्रिन्सिपल बाईंनी "ही शिक्षिका आहे" असं लिहून सही केली तर ते पक्कं. सही नाही तर पुन्हा कोणाच्या तरी टेबलामागे उभं राहून पत्ते.

मुलांना ती पहिल्या आठवड्यातच आवडली, आणि त्याचं श्रेय तिच्या हातांना. वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवायची आणि हाताच्या एका फटकाऱ्यात तो अर्धवर्तुळात पसरायची, मोराने पिसारा उघडावा तसा. मुलं आ वासायची.

"मिस, परत करा ना!"

"आधी घरचा अभ्यास. मग सर्कस."

तास संपला की ती टाळी वाजवायची, हात दाखवायची, आणि मुलं दप्तरं भरायची. त्यांना वाटे, तास संपल्याची ही मिस मेबरींची खूण.

त्या वर्गात खिडकीपाशी यारित्सा बसायची. पोर्तो रिकोची, आजीजवळ वाढलेली, बोलायला बुजरी. तिच्या दोन्ही हातांना इसब होता. समुद्राचा थंड वारा सुटला की कातडी लाल व्हायची, चिरायची, म्हणून ती स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून बसायची. पण गणित तिला दिसायचं. कसं ते अर्नेटाला सांगता आलं नसतं. बाकीची मुलं गणित सोडवायची, ही पोर ते समोर चितारायची. पट्ट्या काढायची, तुकडे पाडायची, आणि उत्तर तिथे आधीपासूनच असल्यासारखं बोट ठेवायची. ऑक्टोबरात ती स्वतःहून फळ्याशी येऊ लागली. अर्नेटा संध्याकाळी आईला फक्त यारित्साच्या गोष्टी सांगायची, आणि आई म्हणायची, "बाकीची मुलं काय आजारी आहेत का सगळी?"

एके सकाळी यारित्सा टेबलाशी आली. बाह्या मागे सारलेल्या. दोन्ही हातांत कागदात गुंडाळलेला पास्तेलियो, आजीने तळलेला, तिखट मांसाची करंजीच म्हणा. तिने तो पुढे धरला.

अर्नेटा हजेरी घेत होती. "टेबलावर ठेव, बाळ," ती म्हणाली, आणि बोटाने टेबलावर टकटक केलं. "आणि आजीला खूप खूप थँक्यू सांग."

यारित्साने क्षणभर वाट पाहिली. मग पुडी टेबलावर ठेवली आणि जागेवर गेली. अर्नेटाने मधल्या सुट्टीत तो पास्तेलियो मिटक्या मारत खाल्ला आणि रेसिपी विचारायची ठरवली.

त्या दिवसापासून पोर मिटली. फळ्याशी येईना. पेपर द्यायचा तर बाहीने धरून आणायची आणि टेबलाच्या कडेला सरकवून पळायची. नाताळनंतर तिचं बोलणंही थांबलं. अर्नेटाने जवळ बसून विचारलं, गोड बोलून विचारलं, रागावून विचारलं. यारित्सा खिडकीबाहेर बघत राहिली. काय बिघडलं हे अर्नेटाला काही केल्या कळेना, आणि रात्री ती छताकडे बघत पडायची.

मग आजी शाळेत आली. दोन्या मिगदालिया, दोन्या म्हणजे त्यांच्यातलं 'बाई'; ठेंगणी, काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, मांडीवर पर्स उभी धरलेली. प्रिन्सिपल हॅगर्टी बाईंच्या खोलीत तिने बसूनही पाठ खुर्चीला टेकवली नाही.

"माझ्या नातीच्या हाताला इसब आहे," ती म्हणाली. "तो कोणाला लागत नाही. डॉक्टरला विचारा. ही बाई माझ्या पोरीच्या हातातून काही घेत नाही. ठेव म्हणते. कुत्र्याला ताटली दाखवावी तसं बोट दाखवते."

"मी?" अर्नेटा उठूनच उभी राहिली. "आई शप्पथ, मी असं कधी, कोणत्याच मुलाला..."

"पोर खोटं बोलते मग?"

"तसं नाही म्हणत मी..."

"मी हॉटेलांच्या खोल्या झाडण्यात जन्म घालवला, बाई. लोक पैसे उशीवर ठेवून जायचे. हातात कोणी दिले नाहीत. मला चालतं. मला सवय आहे." आजीचा आवाज चिरकला. "तिला ती सवय लागलेली मला नाही चालणार. माझी पोर दुसऱ्या वर्गात घाला."

हॅगर्टी बाई वाईट नव्हत्या. आजी गेल्यावर त्यांनी अर्नेटाला पाणी दिलं. पण बोलल्या सरळ. "गुरुवारी मी वर्गात येऊन बसते. त्या आजीलाही बोलावते. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. पण अर्नेटा, एका मुलीला तुझ्यापासून वाचवायला हलवावं लागलं, तर तुझ्या कागदावर मी सही कोणत्या तोंडाने करू?"

अर्नेटा त्या संध्याकाळी कॉलेजात पोचली ती धुमसतच. म्हातारी खोटारडी, पोर हट्टी, आणि हॅगर्टी बाई कानाच्या हलक्या, असं तिने सॅलला दरवाज्यातच ऐकवलं. सॅलने पाठीवर थोपटलं आणि एक पाव दिला. टेबलावर ठेवला, अर्थात. 'ठेव तिथे,' असं तीच म्हणाली होती.

त्या दिवशी नेमकी तिचीच पाळी होती. दर संध्याकाळी कोणा एकाच्या तासाचं चित्रण सगळे मिळून बघत, आणि पेटिफर्ड सर ते आवाज बंद करून दाखवत. "तोंड खोटं बोलतं," सर म्हणायचे, "अंग नाही बोलत." फोन कपाटावर ठेवून अर्नेटाने गेल्याच आठवड्यात एक तास टिपला होता. दिवे मालवले. पडद्यावर ती दिसू लागली, मुकी.

आधी हशा पिकला. वह्यांचा पिसारा पाहून खलाशाने शीळ घातली. ती टाळी वाजवून हात दाखवायला लागली तेव्हा सॅल ओरडला, "अगं, मार्कर पळवशील असं वाटतं की काय त्यांना?" अर्नेटाही हसली.

मग मुलं पेपर द्यायला आली. पहिल्याने हात पुढे केला. पडद्यावरच्या अर्नेटाने वर पाहिलंच नाही. तिच्या बोटाने टेबलावर टकटक केलं. मुलाने पेपर ठेवला. दुसऱ्याने हात पुढे केला. टकटक. तिसरी. टकटक. ते बोट तिचं होतं, पण तिने ते आधी कधी पाहिलं नव्हतं. सॅलचं हसू थांबलं. मग यारित्सा आली. तिने उघडा हात पुढे केला नाही. टेबलाजवळ येता येताच तिने त्या बोटाकडे पाहिलं, बाही बोटांवर ओढली, आणि बाहीच्या टोकाने पेपर कडेला लोटला. मोठ्या माणसाने अपमान आधीच ओळखून बाजूने जावं, तशी ती पोर बाजूने गेली.

सरांनी चित्र थांबवलं.

"परत लावा," अर्नेटा म्हणाली.

त्यांनी परत लावलं. तिने पुन्हा परत लावायला सांगितलं. इतकी वर्षं छतातल्या डोळ्याने तिला पाहिलं होतं आणि त्याला कधी काही सापडलं नव्हतं. आज ती स्वतः त्या डोळ्याच्या जागी बसली होती, आणि चोरी सापडली. पास्तेलियो दोन्ही हातांत धरून उभी असलेली पोर तिला आता आठवली. ती क्षणभर थांबली होती, तेही आठवलं.

"सर," ती म्हणाली, "म्हातारी खरं बोलत होती."

"हो."

"मी तिच्या तोंडावर शपथ घेतली."

"तुम्हाला माहीत नव्हतं. चोर नाही तुम्ही." पेटिफर्ड सरांनी दिवे लावले. "पण वस्तू गेलीये. ती परत कशी करायची हे माझ्या कुठल्या धड्यात नाही, मिस मेबरी. तुम्ही केलीत तर मला येऊन सांगा. मी पुढच्या वर्गाला शिकवीन."

घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं. आई उठली, कॉफीचा कप भरला आणि पुढे धरला. अर्नेटाच्या बोटाने ओट्यावर टकटक केलं. दोघी त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"बघ," आई म्हणाली.

"आई, तुला... तुला पण?"

"इतकी वर्षं. मला वाटायचं, म्हातारीचे हात कापतात, सांडेल म्हणून ठेवायला सांगते." आई हसली, पण हसू पुरतं झालं नाही. "धर आता. कप जड झाला."

अर्नेटाने कप धरला. आईची बोटं गरम होती, आणि खरंच थोडी कापत होती. मग दोघी टेबलाशी बसून एकमेकींच्या हातात वस्तू देत राहिल्या. चमचा, संत्रं, मिठाची बाटली, टीव्हीचा रिमोट. अर्नेटा मधेच रडायची आणि आई म्हणायची, "रड, पण बशी धर."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात गणित काढलंच नाही. ती कुठे काम करायची ते सांगितलं, टाळी कशासाठी ते सांगितलं, आणि हातातून न घेण्याचा नियमही सांगितला.

टेव्हियन नावाचा मुलगा होता, त्याच्या तोंडाला फाटक नव्हतं. "म्हणजे मिस, तुम्ही आम्हाला चोर समजता?"

"नाही, राजा. मला चोर समजायचे."

"रोज?" कोणीतरी हळूच विचारलं.

"रोज. काही चोरलं नसताना. मग एक दिवस हातालाच वाटायला लागतं की आपण चोर आहोत. ह्या छतात डोळा नाही, पण माझा हात अजून त्याला भितो. तुम्ही मला मदत करा. माझ्या बोटाने टकटक केलं की ओरडायचं, 'हातात!'"

असली मदत सहावीला सांगावी लागत नाही. दिवसभर त्या खोलीतून "हातात!" अशा आरोळ्या उठत होत्या, आणि शेजारच्या वर्गाच्या बाई दोनदा डोकावून गेल्या.

घंटेआधी अर्नेटा खिडकीपाशी गेली आणि बाकाशेजारी उकिडवी बसली. "यारित्सा, तुझा पास्तेलियो मी तुझ्या हातातून घ्यायला हवा होता. चुकलं माझं. तुझ्या हातांचं काही चुकलं नव्हतं."

यारित्सा बाहेर बघत होती. "बरं," ती म्हणाली. बाह्या तशाच बोटांवर होत्या.

गुरुवारी हॅगर्टी बाई मागच्या बाकावर बसल्या, आणि शेजारी कोटाची बटणं लावून आजी. अर्नेटाला एक सोपी वाट दिसत होती. यारित्साला पुढे बोलवायचं, सगळ्यांदेखत तिचा पेपर हातातून घ्यायचा, हवं तर पाठीवरून हात फिरवायचा. मागच्या बाकावरून सगळं नीट दिसलं असतं. पण वरच्याला दिसावं म्हणून हात हलवायचे, हेच तर ती जन्मभर करत आली होती. त्या पोरीला पुढे उभी करून स्वतःचे हात स्वच्छ दाखवायचे, हे तिच्याने होईना. मिळेल ते मिळेल, असं मनाशी म्हणून तिने शिकवायला घेतलं.

फळ्यावर तिने लिहिलं, दोन तृतीयांशात एक षष्ठांश किती वेळा बसतो. टेव्हियन उड्या मारत आला. त्याने धडाधड गुणाकार करून उत्तर काढलं, एक नवमांश.

"खात्री आहे?" अर्नेटाने विचारलं.

"शंभर टक्के, मिस."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. अर्नेटा थांबली. हॅगर्टी बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. खिडकीपाशी कोणीतरी जोरात उसासा टाकला.

यारित्सा होती. चुकीचं उत्तर फळ्यावर आहे आणि सगळे मान डोलावतायत, हे तिला सोसवेना. ती उठली. फळ्यापाशी आली. मार्कर अर्नेटाच्या हातात होता, आणि सवयीने तो हात फळ्याखालच्या फळीकडे, मार्कर ठेवून द्यायला निघाला. पण कोणी ओरडलं नाही, अगदी टेव्हियनसुद्धा नाही. अर्नेटाचा हात मधेच अडला.

यारित्साने बाही मागे सारली आणि हात पुढे केला. लाल, चिरलेला, उघडा.

अर्नेटाने मार्कर तिच्या तळव्यावर ठेवला. बोटं कातडीला टेकली. कातडी खरखरीत होती आणि ऊबदार होती. एवढंसं काम, पण अर्नेटाच्या हातून आयुष्यात इतकं अवघड काही झालं नव्हतं.

यारित्साने फळ्यावर एक लांब पट्टी आखली. सहा तुकडे केले. तिनातले दोन भाग म्हणजे सहातले चार, म्हणून चार तुकडे रंगवले, आणि एकेकावर मार्करचं टोक टेकवत गेली. टेव्हियनने कपाळावर हात मारला. "च्यायला, चार! समोरच होतं!"

यारित्साने मार्कर अर्नेटाच्या हातात परत दिला. मग वर्गाकडे तोंड केलं, आणि एक टाळी वाजवली. हलकी, एकच. दोन्ही तळहात वर करून तिने सगळ्यांना दाखवले. भेगा, खपल्या, मनगटापर्यंत चढलेली लाली. पालथे करून दाखवले. घाई केली नाही.

अर्नेटा फळ्याला टेकून उभी राहिली. ती स्वतः आयुष्यभर हात दाखवत आली होती, दाखवायला लावत म्हणून. ही एवढीशी पोर, कोणी न सांगता, लपवायचं सगळं कारण असताना दाखवत होती. इतकं धैर्य माणसात कुठून येतं, आणि ते तिच्या वर्गात, खिडकीपाशी, बाहीत गुंडाळून बसलं होतं! अर्नेटाला तिच्यापुढे मान झुकवावीशी वाटली, आणि तिने ती झुकवली.

घंटा झाली. मुलं रांगेने आली आणि पेपर तिच्या हातात देत गेली, मुद्दाम हाताला हात लावत, दात काढत. हॅगर्टी बाई पुढे आल्या. त्यांचे डोळे ओले होते आणि त्या ते चष्मा पुसण्यात लपवत होत्या. "पोर इथेच राहील," त्या म्हणाल्या. "आणि तुझा तो कागद माझ्याकडे पाठव. सही करते."

त्यांच्या मागे आजी होती. कोटाची दोन बटणं उघडलेली. तिने पर्समधून कागदाची पुडी काढली, तेलाने पारदर्शक झालेली, आणि अर्नेटासमोर धरली.

अर्नेटाला खूप काही सांगायचं होतं. माफी मागायची होती, शपथ मागे घ्यायची होती. ते शब्द जुळवण्यात ती इतकी गुंतली की तिच्या बोटाने टेबलावर टकटक केलं.

"हातात!"

दारात अडलेला सगळा वर्ग एका दमात ओरडला. आजी दचकली, आणि मग तोंडावर धरायला पदर नसल्यामुळे पर्सच धरून हसायला लागली. अर्नेटाने दोन्ही हात पुढे केले आणि पुडी घेतली. ती अजून गरम होती. आणि त्या आरोळीत सगळ्यांत मोठा आवाज यारित्साचा होता.